स्वयंपाकघर पर्यावरणपूरक करायचे, तर सुरुवात खरेदीपासून नको

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात चार माणसे आहेत, स्वयंपाकघर दहा-बारा वर्षांचे जुने आहे आणि ते पर्यावरणपूरक व्हावे अशी आपली मनापासून इच्छा आहे. प्लॅस्टिकचे डबे काढून काचेच्या बरण्या घ्याव्यात का, गॅसची शेगडी काढून इंडक्शन बसवावी का, फ्रीज बदलावा का, ओल्या कचऱ्याचे खत घरीच करता येईल का आणि कपाटे नव्याने करायची झाल्यास ती कशाची करावीत, असे पाच प्रश्न आपण एकत्र विचारले आहेत. यांतले पहिल्यांदा काय घ्यावे, हेही विचारले आहे.

गेली २२ वर्षे मी घरगुती स्वयंपाकघरांची रचना आणि त्यांतला इंधन, वीज व पाण्याचा वापर तपासण्याचे काम करते आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे, की पहिला महिनाभर काहीच घेऊ नका. स्वयंपाकघराचा निसर्गावर पडणारा भार फळीवर मांडलेल्या वस्तूंमध्ये फार थोडा असतो. अन्न, उष्णता आणि पाणी या तीन गोष्टी स्वयंपाकघरातून रोज वाहत असतात आणि खरा भार त्यांच्यात असतो. डबे डोळ्यांना दिसतात म्हणून ते आधी बदलावेसे वाटतात. झाकण न ठेवलेल्या पातेल्यातून निघून जाणारी वाफ किंवा पालेभाजीची न वापरलेली जुडी दिसत असूनही कोणाला खुपत नाही. म्हणून आपल्या पाच प्रश्नांची उत्तरे आपल्या क्रमाने न देता भाराच्या क्रमाने देते.

अन्नापासून सुरुवात करायचे कारण आकड्यांतच आहे. शेतीपासून वाहतूक, साठवण, स्वयंपाक आणि कचऱ्यापर्यंतची संपूर्ण अन्नव्यवस्था धरली, तर मानवी व्यवहारांतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे एक तृतीयांश वाटा तिचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला जवळपास ६० टक्के भाग हॉटेलांतून किंवा दुकानांतून नव्हे, तर घरांतून गेला. दरडोई हिशेब केला, तर घरात वाया जाणारे अन्न वर्षाला ७९ किलो भरते, म्हणजे चौघांच्या घरात तीनशे किलोंच्या वर. या आकड्यात साली, हाडे, बिया असे न खाल्ले जाणारे भागही धरलेले आहेत, हे खरे. परंतु जे खाता आले असते, त्याच्यासोबत ते पिकवायला लागलेले पाणी, खत, डिझेल आणि ते शिजवायला लागलेले इंधन असे सगळेच फुकट जाते. शिवाय असा कचरा मोठ्या ढिगाऱ्याखाली हवेवाचून कुजला, की त्यातून मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २८ पटींच्या आसपास तापमानवाढ घडवतो.

म्हणून पहिले काम म्हणजे आपल्याच कचऱ्याच्या डब्याची तपासणी. सात दिवस ओला कचरा वेगळा ठेवा, रोज रात्री तराजूवर त्याचे वजन करा आणि वहीत दोन रकाने आखून लिहा. पहिल्या रकान्यात साल, देठ, बी, चहा-कॉफीचा चोथा असे जे खाता येत नाही ते येईल. दुसऱ्यात जे कधीतरी खाता आले असते ते येईल. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक वस्तूपुढे ती का टाकावी लागली याचे कारण एका शब्दात लिहा: सडली, विसरली, जास्त झाली, आवडली नाही.

अशा एका तपासणीत मी जमिनीवर जुना कागद पसरून आठवड्याचा कचरा त्यावर मांडला होता. घरातल्या बाईंनी आधीच सांगितले होते की आमच्याकडे अन्न वाया जात नाही, आणि त्या अगदी प्रामाणिकपणे सांगत होत्या. कागदावर पालेभाजीच्या दोन जुड्या निघाल्या. दोन्हींचे रबर अजून देठांना तसेच आवळलेले होते. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होत्या आणि पिशवीच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब जमले होते. बाहेरची पाने तपकिरी होऊन बोटांना चिकटत होती, पण रबराच्या वरच्या भागातली, अगदी मधली पाने हिरवी आणि ताठ होती. शेजारी फ्रीजमध्ये तीन दिवस मागे राहिलेली भाताची वाटी होती आणि त्या भाताची वरची शिते कडक झाली होती. वजन केले, तेव्हा साली आणि देठांपेक्षा हे अन्नच जास्त भरले. बाई बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मी काही सांगण्याआधीच त्यांनी उठून फ्रीजचा खालचा खण बाहेर काढला.

त्या जुडीवरचा उपाय सोपा आहे. पालेभाजी घरी आली, की आधी रबर काढावे, कारण दाबलेले देठ तिथूनच सडू लागतात. खराब पाने वेचून टाकावीत, भाजी धुऊ नये, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवावी आणि वापरायच्या वेळीच धुवावी. फडके जास्तीचा ओलावा शोषते आणि भाजीला पुरेसा ओलावा राखूनही ठेवते. सफरचंद, केळी आणि पिकते टोमॅटो यांतून इथिलीन नावाचा वायू निघतो. त्याने शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते, म्हणून ही फळे आणि पाने एका खणात ठेवू नयेत. बटाटे अंधारात, गार आणि हवेशीर जागी ठेवावेत, पण फ्रीजमध्ये नको, कारण थंडीत त्यांतल्या पिष्टाची साखर होऊ लागते. कांदे बटाट्यांपासून दूर ठेवावेत. एकत्र ठेवले तर दोन्ही लवकर खराब होतात.

विसरल्यामुळे जे वाया जाते त्यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे फ्रीजची एक फळी. डोळ्यांच्या रेषेत येणारी फळी फक्त 'आधी संपवायचे' या पदार्थांसाठी राखून ठेवा आणि स्वयंपाकाला लागण्याआधी तिच्याकडे पाहण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. शिल्लक पदार्थाच्या डब्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून तारीख लिहा. पाकिटावरच्या तारखांचाही अर्थ नीट समजून घ्यायला हवा. अमुक तारखेपर्यंत उत्तम राहील, असे लिहिलेले असेल तर ती तारीख चव आणि दर्जा यांविषयी असते. ती उलटल्यावर धान्य, बिस्किटे, डबाबंद पदार्थ वास आणि रूप पाहून वापरता येतात. अमुक तारखेच्या आत वापरावे, असे लिहिले असेल तर ती सुरक्षिततेची मर्यादा असते आणि ती ओलांडू नये.

अन्न वाचवण्याच्या ओघात आरोग्य धोक्यात घालू नये, म्हणून हे स्पष्टपणे लिहिते. शिजलेले अन्न, आणि विशेषतः भात, ओट्यावर तासन्‌तास ठेवू नये. शिजवल्यावरही तग धरणारे काही जिवाणूंचे बीजाणू ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात पुन्हा वाढीला लागतात, आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलेले अन्न पसरट भांड्यात काढून लवकर गार करावे आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. मुळात उरू नये यासाठी तांदूळ आणि डाळी अंदाजाने न घेता एकच ठरलेली वाटी वापरून माणशी मोजून घ्याव्यात. अंदाज नेहमी वरच्या बाजूला चुकतो, कारण जेवण कमी पडण्याची भीती प्रत्येकाला असते.

काय खातो, हा याचाच पुढचा भाग आहे. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेसेक यांचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवर आधारलेले होते. त्यातून दिसले, की किलोमागे उत्सर्जनात गोमांस आणि मेंढीचे मांस सर्वांत वर आहेत, चीज त्यांच्या बरेच खाली पण तरीही वरच्या रांगेत आहे आणि कडधान्ये अगदी तळाशी आहेत. दोन टोकांमधले अंतर काही टक्क्यांचे नसून कित्येक पटींचे आहे. अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा मात्र अनेकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी, दहा टक्क्यांच्याही आत आहे. विमानाने येणारा नाशवंत माल तेवढा याला अपवाद. त्यामुळे 'जवळचे की दूरचे' या प्रश्नाआधी 'काय' हा प्रश्न विचारावा. आठवड्यातल्या मांसाहाराच्या दोन जेवणांऐवजी कडधान्ये केली, तर त्याचा परिणाम सगळ्या बरण्या बदलण्यापेक्षा कितीतरी मोठा होतो. ज्या घरात आधीच मांस नाही, तिथे दूध, लोणी आणि चीज यांच्याकडे लक्ष द्यावे.

आता उष्णता. या विषयावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे काहीही विकत न घेता होणारी बचत सर्वांत मोठी आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

पाण्याला एकदा उकळी फुटली, की ज्योत कितीही मोठी केली तरी उघड्या भांड्यातले पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे खळखळ उकळणारे आणि मंद उकळणारे पाणी पदार्थ जवळपास सारख्याच वेगाने शिजवते. मोठ्या ज्योतीने वाढते ती फक्त वाफ, आणि वाफ फार महाग असते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते, तर तेच उकळते पाणी पूर्णपणे वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल, म्हणजे सातपटींहून थोडी जास्त उष्णता लागते. हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर पातेल्यात एक लिटर पाणी घेऊन त्याला उकळी आणा, स्वयंपाकघरातल्या तराजूवर पातेल्याचे वजन करा, मग पंधरा मिनिटे झाकण न ठेवता मोठ्या ज्योतीवर उकळू द्या आणि पुन्हा वजन करा. दुसऱ्या वेळी झाकण ठेवून, ज्योत अगदी बारीक करून हेच करा. वजनात आलेली प्रत्येक १०० ग्रॅमची घट म्हणजे जवळजवळ ७०० मिलिलिटर पाणी उकळवता आले असते इतकी उष्णता छताकडे गेली. मी शिकवते तिथे हा प्रयोग पहिल्याच दिवशी करून घेते. त्यानंतर झाकणाविषयी मला पुन्हा काही सांगावे लागत नाही.

प्रेशर कुकरचे तत्त्व १६७९ साली डेनी पापँ यांनी दाखवले आणि आजही घरातले इंधन वाचवणारे याच्या तोडीचे दुसरे साधन नाही. आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे एक पट जास्त झाला, की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि कडधान्ये निम्म्याहून कमी वेळात शिजतात. मात्र कुकर चुकीच्या पद्धतीने वापरला, तर त्याचा हा गुण वाया जातो. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडणे, म्हणजे नको असलेली उष्णता आपण आत घातली याची खूण. पहिली शिट्टी झाली, की दाब तयार झाला असे समजून ज्योत अगदी बारीक करावी आणि तिथून पुढे शिट्ट्या न मोजता मिनिटे मोजावीत. गॅस बंद केल्यावर वाफ जबरदस्तीने काढू नये. दाब आपोआप उतरेपर्यंत आतला पदार्थ फुकटच्या उष्णतेवर शिजत असतो. रिंग सैल झाली असेल आणि झाकणाच्या कडेने वाफ येत असेल, तर ती रिंग आजच बदला. या सबंध उत्तरात मी सुचवलेली पहिली खरेदी हीच.

साठवलेल्या उष्णतेवर शिजवण्याची आणखी एक जुनी रीत आहे. पदार्थाला जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात चांगली उकळी आणायची, काही मिनिटे शिजू द्यायचे आणि मग ते भांडे गवत भरलेल्या पेटीत किंवा घरात असेल त्या जाड कापडांत चहूबाजूंनी गुंडाळून ठेवायचे. भात आणि डाळी यात उत्तम होतात. एक सावधगिरी मात्र कटाक्षाने पाळावी. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून देऊन आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय या पद्धतीने शिजवू नये. त्यातले लेक्टिन नावाचे विषारी द्रव्य कमी तापमानाला नष्ट होत नाही आणि अर्धवट शिजलेल्या राजम्याने तीव्र उलट्या होतात. तसेच पेटीतला पदार्थ ६० अंशांच्या खाली उतरण्याआधी खायला घ्यावा किंवा पुन्हा उकळावा.

इंडक्शन घ्यावी का, या प्रश्नाला आता येते. गॅसच्या उघड्या ज्योतीतली उष्णता शेगडी, भांडे आणि ज्योत यांच्या मेळाप्रमाणे एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशांपर्यंत भांड्यात न जाता खोलीत जाते. इंडक्शनमध्ये भांड्याचे बूडच तापत असल्याने सुमारे ८५ टक्के ऊर्जा पदार्थापर्यंत पोहोचते. शिवाय ज्वलन नसल्याने नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड घरात तयार होत नाहीत, आणि लहान मुले किंवा दम्याचा रुग्ण असलेल्या घरात मला हे कारण इंधनबचतीपेक्षाही महत्त्वाचे वाटते. परंतु वीज कोळशापासून येत असेल, तर कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशापासून चाळीस टक्क्यांपर्यंतच विजेत उतरते, त्यामुळे हवामानाच्या दृष्टीने दोन्हींतला फरक बराच पुसला जातो. जिथे वीज सूर्य, वारा किंवा पाण्यापासून येते, तिथे इंडक्शन निर्विवाद सरस आहे. चालू शेगडी काढून टाकण्याऐवजी आपण एकाच भांड्याची सुटी इंडक्शन घ्यावी, पाणी, दूध आणि कुकर तिच्यावर ठेवावेत आणि वर्षभराने ठरवावे, असा माझा सल्ला आहे. आधी घरातल्या भांड्यांच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहा. जिथे तो चिकटेल ती भांडी चालतील. गॅसवर शिजवत असाल, तर ज्योत बुडाच्या बाहेर येऊ देऊ नका. ती निळी नसून पिवळी दिसू लागली, तर बर्नरची भोके साफ करा. पदार्थ तळताना आणि परतताना खिडकी उघडी किंवा बाहेर हवा टाकणारा पंखा चालू ठेवा.

फ्रीज हे घरातले अहोरात्र चालणारे यंत्र आहे, पण म्हणून तो लगेच बदलावा असे नाही. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून तो पेला रात्रभर मधल्या फळीवर ठेवा. सकाळी ३ ते ५ अंश दिसले पाहिजेत, फ्रीझरमध्ये उणे १८. त्याहून जास्त थंड करणे म्हणजे निव्वळ वीज जाळणे. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज निघून आला, तर रबर धुवा, आणि तरीही निघत असेल तर रबर बदला. मागच्या किंवा खालच्या नळ्यांवरची धूळ काढा आणि भिंतीपासून अंतर ठेवा, कारण फ्रीज आतली उष्णता तिथूनच बाहेर टाकतो. मग वीज मोजणारे साधे यंत्र प्लगला लावून तीन-चार दिवसांचा वापर नोंदवा आणि तशाच आकाराच्या नव्या फ्रीजच्या ऊर्जालेबलशी तुलना करा. फरक दुपटीचा असेल, तर बदलणे योग्य. किरकोळ असेल, तर जुना चालवा. बदललाच, तर जुना फ्रीज दुसऱ्या खोलीत 'असू द्या' म्हणून चालू ठेवू नका. मी पाहिलेल्या घरांत नव्या फ्रीजने वाचवलेली वीज बहुतेक वेळा अशीच गेली. त्याच्या विल्हेवाटीकडेही लक्ष द्या. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोन नष्ट करणारे वायू हटले, पण त्यांच्या जागी आलेला आर-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ घडवतो. आजच्या अनेक फ्रीजमधला आयसोब्युटेन याबाबतीत जवळपास निरुपद्रवी आहे. जुना फ्रीज घेऊन जाणारा माणूस नळी कापून वायू हवेत सोडणार नाही, रीतसर काढून घेईल, याची खात्री करूनच तो द्यावा.

पाण्याचे थोडक्यात सांगते. नळ एक मिनिट बादलीत सोडून मोजा. आठ-दहा लिटर भरले, तर हवा मिसळणारी जाळी बसवून प्रवाह निम्मा करता येतो आणि भांडी तितकीच स्वच्छ निघतात. भांडी वाहत्या पाण्याखाली घासण्यापेक्षा टबात भिजवून, घासून, शेवटी एकदाच विसळावीत. डिशवॉशर पूर्ण भरून चालवला आणि आधी भांडी नळाखाली धुतली नाहीत, तर तो वाहत्या नळापेक्षा कमी पाणी घेतो. वापरलेले तेल कधीही मोरीत ओतू नये. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात सापडलेला चरबी आणि ओल्या पुसण्यांचा घट्ट गोळा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता, आणि तो अशाच अनेक घरांच्या मोऱ्यांतून तयार झाला होता. तेलकट भांडे धुण्याआधी जुन्या कागदाने पुसले, तर साबणही निम्मा लागतो.

आता आपल्या डब्यांविषयी. जे प्लॅस्टिकचे डबे घरात आहेत, ते बनवताना लागलेले तेल आणि ऊर्जा खर्च होऊन गेलेली आहे. ते फेकून काच घेतली, तर त्या खर्चावर आणखी एक खर्च चढतो, कारण काच वितळवायला भरपूर उष्णता लागते आणि ती जड असल्याने तिची वाहतूकही भारी पडते. डबे कोरड्या धान्यासाठी वापरत राहा. गरम, तेलकट किंवा आंबट पदार्थ त्यांत ठेवू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका आणि तडा गेला की एकेक करून बाद करा. त्या जागी आधी मुरंबा, लोणचे यांच्या रिकाम्या झालेल्या बाटल्या येऊ द्या, विकतच्या नकोत. कापडी पिशवीचेही असेच आहे. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ साली केलेल्या अभ्यासानुसार, सुती पिशवी १३१ वेळा वापरली तेव्हा कुठे तिचा तापमानवाढीतला भार एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा खाली येतो. प्लॅस्टिक नद्या-समुद्रांत साचते, म्हणून कापड चांगलेच आहे, पण एकच पिशवी वर्षानुवर्षे वापरली तर. 'कंपोस्टेबल' असे छापलेल्या बहुतेक वस्तूंना कुजण्यासाठी ६० अंशांच्या जवळपासचे औद्योगिक तापमान लागते आणि घरच्या खतात त्या महिनोन्‌महिने तशाच राहतात, म्हणून त्या घेऊ नयेत. नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नये, कारण २६० अंशांच्या वर त्याचा लेप विघटित होऊ लागतो. लेप उडेपर्यंत मध्यम आचेवर वापरावा आणि नंतर बिडाचा घ्यावा, जो पुढची पिढीही वापरेल.

खत घरी नक्की होते, आणि आठवड्याच्या तपासणीनंतर पहिला रकाना तेवढा उरला, की त्यासाठी लागणारा डबाही लहान पुरतो. माझ्या पहिल्या डब्याला चौथ्या दिवशी अमोनियाचा झोंबणारा वास आला होता, कारण मी त्यात नुसत्या साली आणि भाजीचे देठ टाकत होते. कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे २५ ते ३० भाग लागतात. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन भरपूर असतो, कार्बन मात्र सुक्या पानांत, भुशात, फाडलेल्या पुठ्ठ्यात असतो. म्हणून दर वेळी ओला कचरा टाकल्यावर त्याच्या दीड-दोन पट आकारमानाचा सुका थर वर पसरावा. मूठभर मिश्रण पिळले, तर पिळलेल्या स्पंजसारखे लागावे, म्हणजे ओलसर, पण एखाद-दुसऱ्या थेंबापेक्षा जास्त पाणी न सुटणारे. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर हवा कमी पडते आहे, तेव्हा वरखाली करून सुके घालावे. आठवड्यातून दोनदा ढवळावे. डब्याला खाली आणि बाजूंना भोके हवीतच. मांस, हाडे, दुधाचे पदार्थ आणि तेल लहान डब्यात टाकू नयेत. दोन-तीन महिन्यांनी तळाशी काळपट, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारखा वास असलेले खत दिसेल. तोपर्यंत दुसरा डबा भरायला घेतलेला असावा.

राहिली कपाटे. त्यांचे सांगाडे सहसा दारांपेक्षा दुप्पट टिकतात, म्हणून सांगाडा ठेवून दारे, बिजागऱ्या आणि खणांच्या पट्ट्याच बदलता येतील का, हे सुताराला आधी विचारा. नवे करावेच लागले, तर भुशाच्या फळीतल्या गोंदातून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइडकडे लक्ष द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा वायू माणसात कर्करोग निर्माण करणारा ठरवला आहे, म्हणून कमी उत्सर्जनाच्या वर्गातली फळी मागा आणि तिच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. लाकूड घ्यायचे तर जुने, पुन्हा वापरता येण्याजोगे, आणि ते मिळाले नाही तर फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र असलेले घ्या. आराखडा काढताना फ्रीज शेगडीच्या शेजारी आणि उन्हाच्या भिंतीला टेकवून येऊ देऊ नका. बटाटे आणि कांदे यांच्यासाठी जाळीची दारे असलेले दोन वेगळे खण ओट्याच्या खाली, शेगडीपासून लांब ठेवा. सिंकखाली ओला, सुका आणि सुक्या पानांचा असे तीन डबे शेजारी मावतील इतकी जागा सोडा. झाकणे ठेवायची जागा मात्र कपाटात नको. शेगडीमागच्या भिंतीवर हात पोहोचेल तिथे एक सळई लावा आणि ती तिथे अडकवा, कारण कपाटात गेलेले झाकण घाईच्या वेळी कोणीच काढत नाही.